खोटं आहे हे माहीत असतं, तरी अंग का थरथरतं?

उशीखाली:
नमस्कार मंडळी, बरेच दिवस विचारू की नको असं चाललं होतं, शेवटी आज लिहायला बसले. मला भुताखेतांवर काडीचाही विश्वास नाही, अंधारात एकटीने जायला मला काही वाटत नाही, पण भयपट लावला की पंधरावीस मिनिटांतच माझे हात गार पडतात, गार म्हणजे खरंच गार आणि वर ओलसर, शेजारी बसलेल्या बहिणीने सहज हात धरला तर तीच दचकली. घशाला कोरड पडते, मान आणि खांदे इतके आवळून धरलेले असतात की दुसऱ्या दिवशी दुखतात, आणि एखादा सीन असा येतो की पोटात गोळा येतो आणि तो बराच वेळ जातच नाही.

गेल्या शनिवारी रात्री आम्ही दोघी बघत होतो तेव्हा माझ्या मनगटावर नाडी मोजणारं घड्याळ होतं. नंतर बघितलं तर एरवी बसल्याजागी ७०-७२ असते ती एका सीनला ११८ वर गेलेली. मी सोफ्यावरून हललेसुद्धा नव्हते! आणि सगळ्यात विचित्र म्हणजे सिनेमा चालू असताना मी दगडासारखी बसलेली, पण तो संपला, दिवा लावला आणि मग पाय लटपटायला लागले, बोटं थरथरत होती, ग्लास धरवेना. तीन वाजेपर्यंत टक्क जागी.

बहीण म्हणाली तू मनाने कच्ची आहेस. ते मला लागलं, खरं सांगते. म्हणून विचारते, पडद्यावरचं सगळं खोटं आहे हे डोक्याला पक्कं माहीत असताना शरीराला ते का कळत नाही? संपल्यावर थरथर का? आणि वारंवार असं होणं हृदयाला वाईट आहे का? कोणी नीट समजावून सांगेल का, नुसतं "मग बघू नकोस" असं नको प्लीज, कारण मला बघायला आवडतं.

अंधारप्रेमी:
हात गार पडण्याला +१. मी शेकड्याने भयपट बघितलेत आणि अजूनही पडतात. मला तर ते सुरू झालं की बरं वाटतं, म्हणजे सिनेमा चांगला आहे असं समजतो. पण थरथर मला कधी झाली नाही, वाचतोय, जाणकार सांगतील.

श्वासोच्छ्वास:
आधी बहिणीचं वाक्य बाजूला काढू. मनाने कच्ची की पक्की याचा इथे काही संबंध नाही. मी नर्सिंगच्या मुलांना शरीरक्रियाशास्त्र शिकवतो, दरवर्षी हा विषय निघाला की वर्गातली धीट मुलंच आधी सांगतात की सर, आम्हालाही असंच होतं.

डोक्याला कळतं, पण थोडं उशिरा कळतं, सगळा प्रश्न त्या उशिराचा आहे. अचानक मोठा आवाज झाला की डोळ्याभोवतीचा स्नायू ३० ते ५० मिलिसेकंदांत आकसतो, म्हणजे सेकंदाच्या विसाव्या भागात पापणी मिटायला लागलेली असते, मग मान आत जाते, खांदे वर येतात, कोपर दुमडतात. हे दचकणं मेंदूच्या तळाच्या मस्तिष्कस्तंभातून निघतं आणि तिथे खरं काय, सिनेमा काय हा हिशोब होतच नाही. तो हिशोब करणारा भाग म्हणजे मेंदूचं बाहेरचं आवरण, कॉर्टेक्स, आणि तिथे बातमी पोचून तिचा अर्थ लागेपर्यंत अंग दचकून मोकळं झालेलं असतं. त्यात तुम्ही आधीपासूनच भ्यायलेल्या असाल तर तोच आवाज जास्त जोरात दचकवतो, म्हणून तर सिनेमावाले आधी दहा मिनिटं काहीच न दाखवता नुसतं ताणून धरतात.

याच्या जोडीला अमिग्डाला नावाचा छोटासा भाग आहे, कानशिलाच्या आत खोलवर, दोन्ही बाजूंना एकेक. जोसेफ लेडू या मेंदूशास्त्रज्ञाने उंदरांवर काम करून दाखवलं की धोक्याची खूण अमिग्डालाकडे दोन वाटांनी जाते, एक आखूड आणि ओबडधोबड, दुसरी कॉर्टेक्सवरून वळसा घालून जाणारी पण तपशीलवार. आखूड वाटेने गेलेली बातमी चुकीची असू शकते, पण दोरीला साप समजून मागे उडी मारण्यात नुकसान काहीच नसतं, सापाला दोरी समजण्यात असतं. शरीर त्या बाजूने चूक करतं.

आता तुमची एकेक तक्रार घेतो, आणि गंमत बघा, मराठीत हे सगळं आधीच बोलून ठेवलेलं आहे. अमिग्डालाने गजर केला की अनुकंपी मज्जासंस्था, म्हणजे शरीराला धोक्यासाठी सज्ज करणारं नसांचं जाळं, जागी होते आणि मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारख्या बसलेल्या अॅड्रिनल ग्रंथी रक्तात अॅड्रिनॅलिन सोडतात. हातपाय गार पडतात ते त्वचेतल्या बारीक रक्तवाहिन्या आकसल्यामुळे, रक्त तिथून काढून मांड्यांच्या, दंडाच्या मोठ्या स्नायूंकडे वळवलं जातं, पळावं लागलं तर तयारी म्हणून. चेहऱ्याचं पण तेच, पांढराफटक पडतो. तळहातांवरच्या घामाच्या ग्रंथी त्याच मज्जासंस्थेच्या ताब्यात आहेत, त्यामुळे एकाच वेळी गार आणि ओले, दोन्ही. अंगावर काटा येतो तो केसाकेसाच्या मुळाशी असलेल्या इवल्याशा स्नायूमुळे, मांजर घाबरलं की फुलून दुप्पट दिसतं तीच ही यंत्रणा, आपल्याला फुलवायला तेवढे केस उरलेले नाहीत एवढंच. तोंडचं पाणी पळतं ते लाळ कमी आणि चिकट होते म्हणून. आणि पोटातला गोळा, तर पोटाचं कामच थांबतं. वॉल्टर कॅनन नावाच्या अमेरिकन शरीरशास्त्रज्ञाने क्ष-किरणांखाली मांजराचं पोट बघताना पाहिलं की ते बिथरलं की जठराची हालचाल बंद, शांत झालं की पुन्हा सुरू. तिथून त्याचं काम वाढत गेलं आणि १९१५ च्या सुमारास "लढा किंवा पळा" ही कल्पना पुढे आली.

११८ ची काळजी करू नका. निरोगी माणूस जिना चढला तरी तिथे पोचतो. फरक एवढाच की जिना चढताना पायांना ते रक्त लागतं आणि सोफ्यावर बसलेल्याला लागत नाही, सगळी तयारी करून ठेवली आणि पळालं कोणीच नाही. थरथर तिथून येते. सीन चालू असताना तुम्ही स्नायू आवळून धरलेले होते, अॅड्रिनॅलिनने त्या स्नायूंना आधीच चाळवलेलं होतं, दिवा लागल्यावर आवळ सुटला आणि ती चाळवाचाळव दिसायला लागली. थरथर आधीही होती, दाबून धरलेली होती.

आणि झोप. अॅड्रिनॅलिन रक्तातून काही मिनिटांत ओसरतं पण मागून कॉर्टिसॉल हे ताणाचं दुसरं संप्रेरक येतं, ते हळू चालतं, ताण सुरू झाल्यापासून साधारण २० ते ३० मिनिटांनी सर्वात जास्त असतं आणि अर्धं ओसरायला तासभर तरी घेतं. सिनेमातला सगळ्यात भयंकर भाग शेवटी असतो, मग घरात सामसूम होते आणि तुम्ही अंथरुणात पडता तेव्हा शरीराच्या दृष्टीने अजून ते प्रकरण मिटलेलं नसतं.

उशीखाली:
श्वासोच्छ्वास, खूप खूप आभार, दोनदा वाचलं. "थरथर आधीही होती, दाबून धरलेली होती" हे अगदी पटलं. एक राहिलं, माझी बहीण जोरात किंचाळते, मी मात्र थिजते, आवाजच फुटत नाही, दातखीळ बसल्यासारखं. आणि त्याच क्षणी छातीत एक ठोका चुकल्यासारखा वाटतो. त्याची मला जास्त भीती वाटते.

श्वासोच्छ्वास:
लढा आणि पळा यांच्या आधी एक तिसरी गोष्ट असते, थिजणं. ससा झुडपात जसा निश्चल होतो तसं. त्या क्षणाला हृदय वेगात जाण्याऐवजी थोडा वेळ मंदावतं, अंग स्थिर आणि सगळं लक्ष डोळ्या-कानांत. लोकांना धोक्याची चित्रं दाखवून मोजलं तेव्हाही हे दिसलेलं आहे. मग धोका जवळ आला की वेग. तुम्ही थिजण्यात जास्त वेळ राहता, बहीण लवकर पुढच्या पायरीला जाते.

ठोका चुकण्याचं म्हणाल तर बहुतेक वेळा तो चुकलेला नसतो, एक ठोका वेळेआधी पडलेला असतो, त्यानंतर हृदय थोडं जास्त थांबतं आणि पुढचा ठोका जोरात पडतो, आपल्याला ती पोकळी आणि तो दणका जाणवतो. अॅड्रिनॅलिनने असे आगाऊ ठोके पडतात, निरोगी हृदयातही पडतात. अधूनमधून एखादा असेल तर घाबरायचं कारण नाही. पण सलग धडधड सुटत असेल, सोबत चक्कर येत असेल, छातीत दुखत असेल तर मात्र इथे विचारत बसू नका, ईसीजी काढून घ्या.

मधलाठोका:
वरच्या शेवटच्या वाक्याला मला जाड रेघ मारायची आहे, म्हणून क्वचित लिहिणारी मी आज लिहितेय. आमच्या जवळच्या नात्यातली एक मुलगी शाळेत असताना पहाटे गजर वाजला की कधीकधी बेशुद्ध पडायची. घरच्यांना वाटायचं झोपेत दचकते, अशक्तपणा आहे. एका डॉक्टरांनी फिट म्हणून औषधही चालू केलं होतं. पुढे दुसऱ्या डॉक्टरांनी साधा ईसीजी काढला आणि त्यात क्यूटी नावाचं अंतर लांबलेलं निघालं. लाँग क्यूटी म्हणतात, जन्मजात असतं, त्याच्या एका प्रकारात अचानक झालेला मोठा आवाज, गजर, फोनची घंटी, यानेच हृदयाची लय बिघडते. आणखी एक आजार आहे ज्यात भीतीने किंवा पळण्याने तसंच होतं. विरळ आहेत हे, मान्य, पण ज्यांच्या घरात येतात त्यांना ते विरळ असून काय उपयोग.

तर माझं सांगणं एवढंच, दचकून थरथर होणं, हात गार पडणं हे सगळ्यांचं. पण दचकल्यावर कोणी धाडकन बेशुद्ध पडलं, आधी चक्कर नाही, मळमळ नाही, काही नाही, किंवा घरात कोणी तरुण वयात अचानक गेलं असेल, तर त्या माणसाने भयपट पुढे ढकलावा आणि आधी हृदयाच्या डॉक्टरांकडे जावं. आमची मुलगी आज औषधावर छान आहे. भीतीचे सिनेमे ती बघत नाही आणि तिला कोणी भित्री म्हणत नाही.

पांढराफटक:
मधलाठोका यांनी फार महत्त्वाचं लिहिलंय. मी दुसऱ्या प्रकारचा बेशुद्ध पडणारा आहे, तो फरक सांगतो. मला भुताने काही होत नाही, पण पडद्यावर रक्त आलं, कापाकापी आली, विशेषतः सुई शिरताना जवळून दाखवली की आधी जांभई येते (हो, जांभई!), मग कपाळावर गार घाम, कान भरल्यासारखे, आवाज लांबून येतो, कडेने काळं व्हायला लागतं. एकदा थिएटरमध्ये असं झालं तेव्हा बाहेर जाऊ म्हणून उठलो आणि पायऱ्यांवरच कोसळलो. उठणं ही चूक होती, कारण या प्रकारात हृदयाचा वेग आधी थोडा वाढतो आणि मग एकदम मंदावतो, रक्तदाब खाली येतो, आणि उभं राहिलं की उरलंसुरलं रक्त पायात. बाकीच्या भीतीत दाब वाढतो, रक्ताच्या भीतीत तो पडतो, त्यामुळे "दीर्घ श्वास घे, अंग सैल सोड" हा सल्ला आम्हाला उलटा लागू होतो.

मला ज्याने फायदा झाला ती युक्ती स्वीडनच्या लार्स-योरान ओस्ट या मानसशास्त्रज्ञाने ऐंशीच्या दशकात बसवलेली आहे. दंड, पोट, मांड्या सगळं आवळून धरायचं, दहापंधरा सेकंद, चेहरा गरम झाल्यासारखा वाटेपर्यंत, मग सोडायचं पण पूर्ण सैल नाही व्हायचं, वीसतीस सेकंद थांबून परत, असं पाच वेळा. दाब वर येतो. आणि तरी कडा काळ्या झाल्याच तर लाज न बाळगता तिथल्या तिथे आडवं व्हायचं, पाय वर. मी घरी रोज सराव केला आणि गेल्या दोन वर्षांत एकदाही पडलो नाही.

ध्वनीलहर:
मी चित्रपटांच्या साउंडचं काम करतो, भयपट दोनच केलेत, पण या धाग्यावर कानाबद्दल कोणी बोललंच नाही म्हणून लिहितोय. सगळे भीती डोळ्यांत शोधतात. तुमचा आवडता भयपट आवाज बंद करून बघा, त्याच सीनला, माझी खात्री आहे हात गरम राहतील. आणि उलट करून बघा, डोळे मिटून फक्त ऐका. डोळ्याला पापणी आहे, कानाला नाही, त्यामुळे "मी डोळे झाकले तरी भीती वाटली" असं लोक म्हणतात तेव्हा मला अजिबात नवल वाटत नाही.

आम्ही काय करतो तर आधी आवाज कमी कमी करत नेतो, इतका की बघणारा स्वतःचा श्वास ऐकायला लागतो, कान टवकारतात, म्हणजे कानाने स्वतःहून दार उघडून ठेवलं, आणि मग तिथे दणका. दुसरं म्हणजे किंकाळी. माणसाच्या किंकाळीत एक खरखर असते, आवाजाची पातळी सेकंदाला ३० ते १५० वेळा वरखाली होत असते, साध्या बोलण्यात ती नसते, आणि हीच खरखर धोक्याच्या भोंग्यांतही असते. प्राण्यांचं तसंच. डॅनियल ब्लूमस्टीन हे खरं तर मार्मोट नावाच्या डोंगरी खारींसारख्या प्राण्यांच्या ओरडण्याचा अभ्यास करणारे, त्यांनी २०१० मध्ये शंभरावर सिनेमांचे साउंडट्रॅक तपासले आणि भयपटांत घाबरलेल्या पिल्लाच्या फाटलेल्या आवाजासारखे आवाज इतर सिनेमांपेक्षा जास्त निघाले. आम्हाला कोणी ते शिकवलेलं नव्हतं. तंतुवाद्य कर्कश ओढलं की अंगावर येतं एवढंच माहीत होतं, का येतं ते मला त्यांच्याकडून कळलं.

म्हणून उशीखालीताई, बघायचं आहे पण झेपत नाही असा सीन आला तर डोळे झाकण्याऐवजी हेडफोन काढा किंवा आवाज निम्मा करा. फरक लगेच पडतो.

अंधारप्रेमी:
ध्वनीलहर, आवाज बंद करून बघितलं आत्ता, माझा पंधरा वेळा बघितलेला सीन. काहीच झालं नाही. नुसती एक बाई जिना चढतेय. मी थक्क झालोय.

माझ्याकडून एक भर. जर्मनीत माइन्झला संशोधकांनी थिएटरमधून बाहेर जाणारी हवा तपासली होती, १६ सिनेमे, १०८ खेळ, साडेनऊ हजारांच्या आसपास प्रेक्षक, २०१६ मध्ये छापून आलं. उत्कंठेच्या सीनला हवेत कार्बन डायऑक्साइड आणि आयसोप्रीन दोन्ही वर जायचे, आणि त्याच सिनेमाच्या प्रत्येक खेळाला त्याच त्याच जागी. आयसोप्रीन स्नायूंत साठलेलं असतं, स्नायू ताणले हलले की रक्तात येतं आणि श्वासातून बाहेर पडतं. म्हणजे अंधारात शेकडो अनोळखी माणसं एकाच क्षणी श्वास वाढवतात, खुर्चीत आवळून बसतात, आणि ते भिंतीतल्या नळीला कळतं. मी हे वाचल्यापासून थिएटरमध्ये एकटं वाटत नाही.

जुनेपान:
श्वासोच्छ्वास यांनी मराठी वाक्प्रचारांचं लिहिलं त्याला जोडून. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात आठ सात्त्विक भाव सांगितलेत: स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभेद, वेपथू, वैवर्ण्य, अश्रू, प्रलय. थिजणं, घाम, काटा, आवाज बिघडणं, कंप, रंग उडणं, डोळ्यांत पाणी, आणि शुद्ध हरपणं. फक्त भीतीचे नाहीत हे, आनंदात आणि दुःखातही येतात, पण या धाग्यावर आत्तापर्यंत आलेली लक्षणं बघा, त्या यादीतले अश्रू सोडून बाकी सगळे इथे येऊन गेलेत. नटाने हे नुसतं दाखवून चालत नाही, मन एकाग्र झालं तरच अंगावर उमटतं असं तिथे म्हटलंय. पांढराफटक यांची चक्कर म्हणजे प्रलयच की.

दोनमुलांचीआई:
चांगला धागा. माझा सहा वर्षांचा मुलगा मागे दारात उभा राहून आमच्या सिनेमाचा तुकडा बघून गेला, आम्हाला पत्ताच नाही, आणि आता दीड महिना झाला पलंगाखाली बघितल्याशिवाय झोपत नाही. त्याला किती वेळा सांगितलं की ते खोटं असतं. मोठ्यांचं ठीक आहे हो, लहानांचं काय करायचं?

श्वासोच्छ्वास:
आई, सहा वर्षांच्या मुलाला "खोटं असतं" हे वाक्य फारसं पोचत नाही. सात-आठ वर्षांपर्यंत मुलं जे दिसतं त्यावरून घाबरतात, समजावण्यापेक्षा जवळ घेणं, दिवा, सोबत, पलंगाखाली त्याच्याबरोबर तुम्हीही बघणं हे जास्त कामाचं. त्याची नाडी शांत करायची आहे, वाद जिंकायचा नाही. "एवढ्याशाला काय घाबरतोस" हे मात्र कोणी म्हणू देऊ नका. लहानपणी बघितलेल्या एखाद्या दृश्याची भीती पुढे वर्षानुवर्षं राहिलेली माणसं भरपूर आहेत, कारण अॅड्रिनॅलिन चढलेलं असताना जे बघितलं जातं ते स्मरणात जास्त खोल बसतं. १९९४ मध्ये लॅरी काहिल, जेम्स मॅकगॉ यांच्या गटाने लोकांना एक हादरवणारी गोष्ट चित्रांसकट सांगितली, काहींना आधी अॅड्रिनॅलिनचा परिणाम अडवणारी गोळी दिली होती, त्यांना आठवड्याने गोष्टीतला भयंकर भाग बाकीच्यांइतका ठळक आठवला नाही, साधा भाग मात्र तितकाच आठवला. मुलांनी अशी गोळी घ्यावी असं मी म्हणत नाहीये, कृपया, फक्त कारण सांगतोय.

उशीखाली, तुमच्या झोपेसाठीही याचा उपयोग आहे. डोळे मिटले की तो सीन दिसतो ना? ऑक्सफर्डला एमिली होम्स यांच्या गटाने २००९ मध्ये लोकांना अपघात-जखमांची फिल्म दाखवली, अर्ध्या तासाने निम्म्यांना दहा मिनिटं टेट्रिस, म्हणजे पडणारे ठोकळे जुळवण्याचा व्हिडिओ गेम, खेळायला दिला, पुढच्या आठवड्यात त्यांना ती दृश्यं अचानक डोळ्यांसमोर येण्याचं प्रमाण कमी होतं. चित्रं मनात पक्की व्हायच्या वेळी डोळ्यांना दुसरं काम दिलं तर त्यांना जागा कमी मिळते असा त्यामागचा विचार. सिनेमा संपला की लगेच अंथरुणात जाऊ नका. घरात दहा मिनिटं झपझप चाला म्हणजे जी पळण्याची तयारी झाली होती ती वापरली जाईल, मग काहीतरी जुळवाजुळवीचा खेळ, मग श्वास सोडताना घेण्यापेक्षा दुप्पट वेळ लावा, कारण श्वास सोडताना हृदय जरा मंदावतं. आणि बहिणीचा हात सोडू नका. २००६ मध्ये जेम्स कोन यांनी विवाहित बायकांना स्कॅनरमध्ये झोपवून शॉक बसेल असं सांगितलं होतं, नवऱ्याचा हात हातात असताना मेंदूतला धोक्याचा गजर कमी झाला, अनोळखी माणसाचा हात असला तरी थोडा कमी झालाच.

पांढराफटक:
माझ्या वाचनात आलेलं एक विचारतो, भीतीने "रक्त गोठतं" ते खरंच का?

श्वासोच्छ्वास:
थोडंसं खरं आहे. नेदरलँड्समधल्या लायडनला २४ तरुण निरोगी लोकांना एक भयपट आणि एक शैक्षणिक फिल्म दाखवून आधी-नंतर रक्त तपासलं होतं, २०१५ मध्ये आलं ते. भयपटानंतर फॅक्टर आठ नावाचं रक्त गोठवायला मदत करणारं प्रथिन वाढलेलं होतं. पण प्रत्यक्षात गुठळी तयार होत असल्याच्या ज्या खुणा असतात त्या वाढल्या नव्हत्या. म्हणजे जखम झालीच तर रक्त वाहून जाऊ नये म्हणून सामान काढून ठेवलं, काम सुरू केलं नाही.

उशीखाली:
सगळ्यांचे मनापासून आभार. काल आम्ही परत बसलो, यावेळी मी बहिणीला पण घड्याळ घालायला लावलं, शेजारच्या ताईंचं मागून आणलं. तोच सिनेमा नको म्हणून दुसरा लावला, आवाज मुद्दाम पूर्ण. माझी ११२ पर्यंत गेली. तिची ११५! माझ्यापेक्षा जास्त. आणि ती शपथेवर सांगतेय की मला काही झालं नाही, मी मजेत बघत होते, घड्याळ बिघडलंय. मग आम्ही घड्याळं अदलाबदल केली, तरी तेच.

संपल्यावर दहा मिनिटं चालले, थरथर आलीच, पण ती कशाची हे माहीत असल्यामुळे मी तिच्याकडे बघत राहिले आणि ती गेली. दीडला झोपले. पण मला हे कळत नाहीये की तिची नाडी एवढी पळत असताना तिला ते जाणवलं कसं नाही?

श्वासोच्छ्वास:
स्वतःच्या हृदयाचे ठोके आतून किती नीट ऐकू येतात हे प्रत्येकाचं वेगळं असतं. नाडीला हात न लावता ठोके मोजायला सांगितले तर काही जण अगदी बरोबर मोजतात, काही जणांना एकही कळत नाही. इन्सुला नावाचा मेंदूचा भाग यात काम करतो. ज्यांना ठोके जास्त कळतात त्यांना भावनाही जास्त जोरात जाणवतात असं बऱ्याचदा दिसतं. धडधड तुम्हा दोघींची होतेय. ती तुम्हाला ऐकू येते, तिला येत नाही.

उशीखाली:
हे तिला वाचून दाखवलं. काही बोलली नाही. मनगटावर बोट ठेवून बसलीये मघापासून, आणि मला म्हणाली, एक मिनिट लाव बरं.